नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरचे जर्मन बंकर: पाहायचे कसे, वाचायचे कसे

आपल्याकडून युरोपला जाणारे बहुतेक लोक नॉर्मंडी एका दिवसात उरकतात. सकाळी पॅरिसहून बस, ओमाहा बीचवर फोटो, अमेरिकन दफनभूमी आणि संध्याकाळी परत. बंकर त्यातही दिसतात, पण नुसते काँक्रीटचे ठोकळे म्हणून. एक पाहिला की सगळे पाहिल्यासारखं वाटतं आणि तिसऱ्याला माणूस कंटाळतो. हे टाळायचं तर बंकर मोजत फिरू नका. एकच ठाणं निवडा, ते पूर्ण फिरा आणि प्रत्येक बंकरला एकच गोष्ट विचारा: याचं तोंड कुठे आहे, आणि का?

आधी थोडी पार्श्वभूमी

२३ मार्च १९४२ रोजी हिटलरने निर्देश क्रमांक ४० काढला आणि पश्चिम किनाऱ्याच्या तटबंदीला वेग आला. नॉर्वेच्या उत्तर टोकापासून फ्रान्स-स्पेनच्या सीमेपर्यंत पसरलेली ही ‘अटलांटिक वॉल’. नावात भिंत असली तरी सलग भिंत कुठेच नव्हती. ठरावीक अंतरावर छोटी ठाणी, त्यामागे मोठे तोफखाने आणि मधल्या जागेत सुरुंग व काटेरी तारा, अशी तिची रचना. १९ ऑगस्ट १९४२ला दोस्त राष्ट्रांनी फ्रान्सच्या दिएप बंदरावर केलेला हल्ला सपशेल फसला. त्यानंतर जर्मनांनी बंदरं आणखी भक्कम केली, तर बंदरावर थेट चालून जाण्यात अर्थ नाही हे दोस्तांना कळलं. म्हणूनच ६ जून १९४४ला ते नॉर्मंडीत बंदरं नसलेल्या पुळणींवर उतरले आणि आरोमांशला स्वतःचं कृत्रिम बंदर ओढत घेऊन आले. त्याचे काँक्रीटचे पेटारे आजही ओहोटीला दिसतात.

१९४३च्या अखेरीस जर्मन सेनापती रोमेलने या किनाऱ्याची पाहणी केली, तेव्हा नॉर्मंडीतलं काम बरंच मागे होतं. पुढचे सहा महिने त्याने कामाचा धडाका लावला, तरी ६ जूनला कित्येक बंकर अर्धवटच होते. काही ठिकाणी छताबाहेर आलेल्या सळ्या आणि न भरलेले साचे आजही दिसतात. ती सगळीच पडझड नसते. काम तिथेच थांबलं होतं.

हे बांधलं कोणी, हेही माहीत हवं. ठेका ‘ऑर्गनायझेशन टोट’ या जर्मन बांधकाम यंत्रणेकडे होता. राबले ते पकडून आणलेले सोव्हिएत आणि पोलिश मजूर, स्पेनच्या यादवीतून पळालेले प्रजासत्ताकवादी निर्वासित आणि १९४३पासून सक्तीच्या कामाच्या कायद्याखाली ओढले गेलेले फ्रेंच तरुण. पैसे घेऊन राजीखुशीने ठेके घेणाऱ्या स्थानिक कंपन्याही होत्या. फ्रान्समध्ये हा विषय अजून थोडा नाजूक आहे. गावातल्या म्हाताऱ्या माणसाशी बोलताना जपून.

पायरी पहिली: मुक्काम आणि मोसम

मुक्कामाला बायो हे गाव धरा. पॅरिसच्या सेंट-लाझार स्थानकावरून रेल्वेने दोन-सव्वादोन तासांत पोचता येतं. गाव चालत फिरण्याजोगं आहे आणि समुद्र दहाएक किलोमीटरवर. किनाऱ्याकडे जाणाऱ्या बस आहेत, पण मोजक्या. रविवारी आणि उन्हाळ्याबाहेर तर फारच कमी. दोघं-तिघं असाल तर गाडी भाड्याने घेणं परवडतं. त्यासाठी भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना इथूनच काढून न्या आणि गाडी उजव्या बाजूने चालवायची आहे हे पहिल्या चौकात विसरू नका. पायात दम असेल तर सायकल सगळ्यात उत्तम. शिवाय ‘जीआर २२३’ ही लांब पायवाट सगळा किनारा धरून जाते. पूर्वी कस्टमचे शिपाई गस्त घालायचे तीच ही वाट.

जूनचा पहिला आठवडा टाळा. ६ जूनच्या वर्षदिनामुळे तेव्हा रस्ते बंद असतात आणि खोल्या मिळत नाहीत. माझं मत विचाराल तर मार्चअखेर ते एप्रिल सर्वांत चांगला. काटेरी झुडपं अजून वाढलेली नसतात, त्यामुळे जुलैत ज्यांच्या शेजारून जाऊनही पत्ता लागत नाही ते खंदक आणि छोटे बंकर तेव्हा उघडे दिसतात. सप्टेंबरही चालतो. हिवाळ्यात बरीच संग्रहालयं बंद असतात.

पायरी दुसरी: घरबसल्या नकाशा

हे काम निघण्याआधी एका संध्याकाळी करा. जर्मनांनी किनाऱ्यावरच्या छोट्या ठाण्यांना क्रमांक दिले होते आणि त्याआधी ‘डब्ल्यूएन’ ही अक्षरं लागतात. ओमाहाच्या पुळणीवर डब्ल्यूएन ६० ते ७३ ही ठाणी ओळीने येतात. हे क्रमांक पाट्यांवर, नकाशांवर आणि गाइडच्या तोंडी सर्रास असतात. तुम्ही पाहणार असलेल्या ठाण्याचा क्रमांक लिहून ठेवा.

मग फ्रान्सच्या सरकारी नकाशा संस्थेचं, म्हणजे आयजीएनचं, ‘रमोंते ल तां’ हे फुकट संकेतस्थळ उघडा. त्यावर एकाच जागेचे आजचे आणि युद्धानंतरचे जुने हवाई फोटो शेजारी ठेवून पाहता येतात. जुन्या फोटोत बॉम्बचे खड्डे, खंदकांच्या नागमोडी रेषा आणि झाडी नसलेले उघडे बंकर स्वच्छ दिसतात. आज तिथे कुणाचं तरी आवार किंवा कॅम्पिंगची जागा असते. कुठे जाता येईल आणि कुठे नाही हे तिथेच कळतं. नेटवर्क दगा देतं, म्हणून चित्रं मोबाइलमध्ये साठवून घ्या.

बंकर ठरावीक नमुन्यांवर बांधलेले होते आणि प्रत्येक नमुन्याला क्रमांक होता. त्यामुळे डेन्मार्कात पाहिलेला बंकर बोर्दोजवळही तसाच भेटतो. सगळे नमुने पाठ करण्यात अर्थ नाही. ६२१ म्हणजे दहा सैनिकांचा निवारा, ६६७ म्हणजे ५० मिमी तोफेचं छोटं तोफघर, ६७७ म्हणजे ८८ मिमी तोफेचं मोठं तोफघर. त्यात ‘टोब्रुक’ची भर घाला: जमिनीत पुरलेला लहानसा काँक्रीटचा खड्डा, वर एका माणसाला छातीपर्यंत बाहेर येता येईल एवढं गोल तोंड. एवढ्यावर नॉर्मंडीतलं पुष्कळ काही ओळखता येतं.

पायरी तिसरी: भरती-ओहोटी

कोकणातल्या माणसाला उधाण आणि भांग समजावून सांगायला नको. पण कोकणात भरती-ओहोटीतला फरक दोन-चार मीटरचा, तर नॉर्मंडीत उधाणाला सात मीटरच्या आसपास जातो. शेकडो मीटर रुंद पुळण काही तासांत नाहीशी होते. फ्रेंच लोक रोजच्या भरतीला २० ते १२० असा अंक देतात. वेळापत्रकात अंक ९०च्या वर दिसला तर उधाण समजा. टुरिस्ट ऑफिसात ते वेळापत्रक मिळतं. ओहोटीच्या वेळेच्या दोन तास आधी पुळणीवर उतरा आणि पाणी वळलं की निघा. आरोमांश ते पोर्त-आँ-बेसँ या पट्ट्यात कड्याखालून चालू नका. कडे ढासळतात, आणि भरती आली तर मागे सरकायला जागा नसते. तिथे वरची पायवाट धरायची.

ओहोटीला जाण्यात आणखी एक फायदा आहे. दोस्तांचं सैन्यही कमी पाणी असतानाच उतरलं, कारण रोमेलने पुळणीवर रोवलेले लोखंडी आणि लाकडी अडथळे भरतीत पाण्याखाली गेले की नावा फोडत. ओहोटीच्या रेषेपाशी उभं राहून मागे वळून पाहा. उघड्या पुळणीचं अंतर पायांना कळतं, पुस्तकातून कळत नाही.

पायरी चौथी: बरोबर काय घ्यायचं

डोक्याला बांधायचा टॉर्च आणि दुसरा हातातला. घोट्यापर्यंतचे बूट, कारण जमिनीतून वर आलेल्या गंजक्या सळ्या वाळूत दिसत नाहीत. जाड हातमोजे. पूर्ण पँट हवीच: काटे आहेत, शिवाय गवतात गोचिड्या असतात आणि त्यांच्या चाव्याने युरोपात लाइम नावाचा आजार होतो. संध्याकाळी अंग तपासून घ्या. दुपारी दोननंतर गावातली बहुतेक हॉटेलं जेवण देत नाहीत. शाकाहारी असाल तर बायोहून ब्रेड आणि चीज घेऊनच निघा. सॅकच्या तळाशी घरचा चिवडा असेल तर प्रश्नच मिटला.

पायरी पाचवी: पहिला बंकर सजवलेला पाहा

थेट रिकाम्या बंकरमध्ये शिरलात तर अंधार, ओल आणि लघवीचा वास यापलीकडे काही हाती लागत नाही. म्हणून सुरुवात विस्ट्रेआमच्या ‘ल ग्राँ बंकर’पासून करा. ऑर्न नदीच्या मुखावरचा हा १७ मीटर उंच काँक्रीटचा मनोरा म्हणजे तोफखान्यांना मारा कुठे करायचा ते सांगणारी निरीक्षण चौकी. हल्ला झाला ६ जूनला, पण हा पडला ९ तारखेच्या रात्री. ब्रिटिश लेफ्टनंट बॉब ऑरेल आणि त्याच्या तीन माणसांनी दार उडवण्यात काही तास घालवले, आणि आतून ५२ जण हात वर करून बाहेर आले. संग्रहालयात हवा गाळायची यंत्रं, टेलिफोन, बंक, दवाखाना, सगळं जागच्या जागी मांडलं आहे. नीट लक्षात ठेवा. पुढच्या रिकाम्या खोल्यांत भिंतीतला नळीचा भोसका दिसला की तिथे काय होतं ते आपोआप आठवेल.

पायरी सहावी: बाहेरून वाचन

आता ओमाहाच्या पूर्व टोकाला, कोलविलच्या दफनभूमीलगतच्या डब्ल्यूएन ६२वर जा. इथे पाऊणशे मिलिमीटर तोफांची दोन तोफघरं उतारावर वर-खाली आहेत. खालच्या तोफघराच्या खिडकीपाशी उभं राहा आणि तोफ रोखलेली होती त्या दिशेने पाहा. समोर समुद्र येईल असं वाटतं. येते ती पश्चिमेकडे लांबवर गेलेली पुळण. समुद्राच्या बाजूला उलट एक जाड आडवी भिंत पुढे काढलेली आहे. गोम तिथेच आहे. तोफ जहाजांवर डागायची नव्हती. किनाऱ्याला लागलेल्या माणसांवर आणि रणगाड्यांवर बाजूने मारा करायचा होता, आणि त्या भिंतीमुळे समुद्रावरच्या युद्धनौकेला तोफेचं तोंड दिसतच नसे.

मग सात-आठ किलोमीटरच्या या पुळणीच्या दुसऱ्या टोकाला, वीएरविलला जा. तिथल्या डब्ल्यूएन ७२च्या ८८ मिमी तोफघरावर आता अमेरिकन नॅशनल गार्डचं स्मारक उभं आहे. त्याचं तोंड पूर्वेकडे. म्हणजे दोन टोकांच्या तोफा समुद्राकडे पाठ न फिरवता, पण त्याच्याकडे न पाहता, एकमेकींच्या दिशेने रोखलेल्या. मधली सगळी पुळण कात्रीत. ६ जूनच्या सकाळी तिथे एवढी माणसं का मेली, याचं अर्धं उत्तर या दोन खिडक्यांच्या दिशेत आहे. मधल्या रुकेच्या ओढ्यापाशी डब्ल्यूएन ६५चं ६६७ नमुन्याचं तोफघर आहे. त्यात ५० मिमी तोफ अजून जागेवर आहे, तिथेही थांबा.

बाहेरून आणखी काय पाहायचं? छताच्या कडेचे लोखंडी आकडे: त्यांना जाळी बांधून बंकर झाकत. काँक्रीटवर उमटलेल्या साच्याच्या फळ्यांच्या रेषा, काही ठिकाणी लाकडाच्या गाठीसकट. तोफेच्या खिडकीच्या कडेला पायऱ्या-पायऱ्यांची रचना: येणारी गोळी उतारावरून घसरून आत जाऊ नये म्हणून. आणि टोब्रुक सापडला तर त्याच्या गोल कडेला आतून वाकून बघा. क्वचित समोरच्या देखाव्याचं रंगवलेलं चित्र आणि त्यावर अंतरं लिहिलेली सापडतात. चर्चचा मनोरा इतके मीटर, वळण इतके मीटर.

पायरी सातवी: आतून वाचन

गड फिरलेल्यांना इथे घरच्यासारखं वाटेल. रायगडाच्या महादरवाजासारखंच बंकरचं दारही समोरून दिसत नाही. ते मागच्या बाजूला, वळणाआड असतं, आणि वळलात की बरोबर समोरच्या भिंतीत जंगी, म्हणजे गोळी झाडायची फट: आत शिरणाऱ्याच्या छातीवर रोखलेली.

दाराच्या बोळात दोन्ही हात पसरून भिंतीची जाडी मोजा. नेहमीच्या पक्क्या बंकरची भिंत आणि छत दोन मीटर जाड असतं. हात पुरून वर उरले, भिंत मीटरभरच निघाली, तर ते घाईने बांधलेलं हलकं काम. पुढे छोटी खोली लागते, दोन्ही बाजूंना दारांच्या खुणा असलेली. विषारी वायू आत येऊ नये म्हणून एक दार बंद झाल्यावरच दुसरं उघडायचं, त्यासाठी ही मधली खोली. दारं मात्र नसतील. युद्धानंतर भंगारवाल्यांनी पोलाद कापून नेलं. बिजागऱ्यांचे वितळून कापलेले खुंट भिंतीत राहिले आहेत.

राहायच्या खोलीत टॉर्च छताकडे फिरवा. लोखंडी तुळया आणि त्यांच्यामध्ये पोलादी पत्रे दिसतील. वर बॉम्ब पडला तर छत फुटलं नाही तरी त्याच्या आतल्या अंगाचे टवके गोळीसारखे उडतात, ते अडवायला हे पत्रे. आज तेच पत्रे गंजून पापुद्रे सुटतात, तेव्हा खाली फार वेळ उभं राहू नका. मग कोपऱ्यात, गुडघ्याएवढ्या उंचीवर, विटांनी बुजवलेला चौकोन शोधा. तो संकटकाळचा मार्ग. विटांपलीकडे उभा चर, वाळू-खडीने गच्च भरलेला. बाहेरच्याला कळत नसे. आतल्यांनी विटा काढल्या की वाळू खोलीत ओतली जाई आणि मोकळ्या झालेल्या चरातल्या लोखंडी कड्या धरून वर चढता येई. मला सगळ्या बंकरांत ही युक्ती सर्वांत हुशार वाटते.

आणि समुद्राकडे पाहणारे

बाजूने मारा करणारी तोफघरं हा एक प्रकार झाला. नौदलाचे तोफखाने त्याच्या उलट. त्यांना जहाजंच बुडवायची होती. त्यासाठी लोंग-सूर-मेरला जा, बायोपासून जेमतेम सात-आठ किलोमीटर. चार तोफघरं, आणि आत १५० मिमीच्या नौदलाच्या तोफा. नॉर्मंडीत इतक्या तोफा मूळ जागी शिल्लक असलेला तोफखाना दुसरा नाही. मारा २० किलोमीटरच्या आसपास. प्रवेश खुला आहे, म्हणून सकाळी लवकर जा. दहानंतर बस येतात.

तोफा पाहून बहुतेक जण परततात. तुम्ही शेतातून पुढे, कड्याच्या टोकाशी असलेल्या दुमजली निरीक्षण चौकीपर्यंत जा. तोफांच्या तिथून समुद्र धड दिसत नाही. डोळे इथे आणि हात मागे, मध्ये जमिनीत पुरलेली टेलिफोनची केबल. हल्ल्याआधीच्या बॉम्बफेकीत ती तुटली आणि तोफखाना आंधळा झाला. ६ जूनला ब्रिटिश आणि फ्रेंच युद्धनौकांशी त्याची झुंज झाली. ७ला ब्रिटिशांनी तो घेतला. चौकीच्या वरच्या मजल्यावर जाड छत नुसत्या लोखंडी खांबांवर पेललेलं आहे, सभोवार मोकळी फट. तिथून क्षितिजाकडे पाहिलं की तोफखान्याला केबलची किती गरज होती ते कळतं.

पॉइंट द्यू ओकला खड्ड्यांसाठी जा. अमेरिकन सैन्याच्या रेंजर्स तुकडीतल्या सव्वादोनशे माणसांनी ३० मीटरचा कडा दोरांनी चढून ती जागा घेतली, तर तोफा आधीच आत हलवलेल्या. बॉम्बचे खड्डे तसेच ठेवले आहेत, गवत मात्र उगवलं आहे. कडा ढासळतोय, कुंपण ओलांडू नका. वेळ असेल तर यूटा बीचमागचं आझेव्हिलही करा. इथल्या तोफघरांवर दगडी घराच्या भिंतींचं चित्र रंगवलं होतं, विमानातून पाहणाऱ्याला गावातलं पडकं घर वाटावं म्हणून. जमिनीखालच्या बोगद्यांतूनही फिरवतात.

काय करायचं नाही

मेटल डिटेक्टर नेऊ नका. फ्रान्समध्ये परवानगीशिवाय तो वापरून ऐतिहासिक वस्तू शोधणं गुन्हा आहे. गोळा, काडतूस, गंजका डबा, काहीही सापडलं तर हात लावायचा नाही, पायाने ढकलायचं नाही. जागा लक्षात ठेवून मागे व्हा आणि ११२ला फोन करा. ऐंशी वर्षांनंतरही जिवंत दारूगोळा निघतो आणि त्यासाठी सरकारी पथकं आहेत.

दाराला जाळी असेल तर आत शिरू नका. बरेचदा ती वटवाघळांसाठी असते: हिवाळ्यात ती बंकरमध्ये झोपतात आणि त्यांना उठवणं कायद्याने मना आहे. पाणी साचलेल्या खोलीत एक पाऊलही नको, कारण जमिनीत झाकण नसलेले खड्डे असतात. एकट्याने आत जाऊ नका, बाहेर कुणीतरी थांबावं. आणि शेतातला बंकर हा शेतकऱ्याचा असतो. ‘बोंजूर’ म्हणून विचारलं तर बहुतेक वेळा हो म्हणतात, न विचारता कुंपण ओलांडलं तर नाही.

आपल्या लोकांचा किनारा: लाकानो

यापुढचं ठिकाण नॉर्मंडीत नाही. बोर्दोच्या पश्चिमेला लाकानो नावाचं समुद्रकाठचं गाव आहे, सर्फिंगसाठी प्रसिद्ध. १९४३-४४मध्ये इथली अटलांटिक वॉल राखायला ‘फ्राइस इंडियन’, म्हणजे नेताजींच्या आझाद हिंद सेनेची जर्मनीत उभी राहिलेली तुकडी होती. उत्तर आफ्रिकेत पकडलेल्या भारतीय युद्धकैद्यांतून ती उभारली. जर्मन सैन्यात ती ९५०वी रेजिमेंट. फेब्रुवारी १९४३मध्ये नेताजी पाणबुडीतून आशियाकडे निघाले. त्यानंतर ही तुकडी आधी हॉलंडच्या किनाऱ्यावर, झांडव्होर्ट आणि टेक्सेलला, आणि मग लाकानोला आली. १९४४मध्ये खुद्द रोमेलने तिची पाहणी केली. दंडावर तिरंगा आणि झेप घेणारा वाघ असलेले भारतीय सैनिक बंकरवर उभे आहेत, असे फोटो जर्मन संग्रहात आहेत.

इंग्रजांविरुद्ध लढायचं म्हणून भरती झालेल्या या माणसांना फ्रान्सच्या वाळूत पहाऱ्याला बसवलं. त्यांचं काय चुकलं आणि काय बरोबर, यावर आपल्याकडे दोन टोकांची मतं ऐकू येतात. तिथे जाऊन मत बदलेलच असं नाही, पण जागा पाहायला हवी.

बोर्दोहून बस आहे, शिवाय जुन्या रेल्वेमार्गावरून पाइनच्या जंगलातून जाणारी सायकलवाट थेट लाकानोला पोचते. इथले बंकर वाळूच्या टेकड्यांवर बांधले होते. समुद्र आत सरकत असल्याने या किनाऱ्यावर कित्येक ठिकाणी ते तिरके होऊन पुळणीवर उतरले आहेत. ओहोटीलाच जा. पाण्यात पोहत बंकरजवळ जायचं मुळीच नाही. या किनाऱ्यावर वाळूत ‘बाइन’ नावाची उथळ तळी होतात आणि त्यांतून ओढ थेट खोल समुद्राकडे असते. शिवाय पाण्याखाली सळ्या. आतून पाहायचं असेल तर उत्तरेला सुलाकजवळ लेझ आरोस तोफखाना आहे, तिथे स्थानिक स्वयंसेवक माहिती देत फिरवतात. तो प्रदेश जर्मनांच्या हातात एप्रिल १९४५पर्यंत होता.

यानंतर कुठे

नेदरलँड्समध्ये नोकरी-शिक्षणासाठी असलेल्यांना फ्रान्सपर्यंत यायचीही गरज नाही. स्खेव्हेनिंगेन आणि आयमाउडनला बंकर संग्रहालयं आहेत, आणि वर्षातून एकदा ‘बंकरदाख’ला एरवी बंद असलेले बंकर देशभर उघडतात. बेल्जियममध्ये ऑस्टेंडजवळचं रावेर्साइड सर्वांत शाबूत: खंदकांसकट सगळं ठाणं टिकलं, कारण ती जमीन राजपुत्र शार्लची होती आणि त्याने पाडू दिलं नाही. डेन्मार्कात हान्स्टहोमला ३८० मिमी तोफांचा अवाढव्य तोफखाना आहे. गर्न्सी आणि जर्सी बेटंही बंकरांनी भरलेली आहेत, पण तिकीट काढण्याआधी एक बघा: ती बेटं शेंगेनमध्ये नाहीत, फ्रान्सच्या व्हिसावर तिथे उतरता येत नाही.